मिलिंदकडचे जबडे

दातांच्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. उपटलेला दात टाकून देता येतो, पण पेशंट खुर्चीत बसून जे बोलून जातो ते मागे राहतं. चिखलीत मला दवाखाना थाटून चौदा वर्षं झाली, म्हणजे माल भरपूर आहे. दुःख एवढंच, की त्यातले चांगले किस्से सगळे मिलिंदचे!

मिलिंद माझा कॉलेजचा रूममेट. दवाखाना साखरखेर्ड्याला. आम्हा दहा-बारा डेंटिस्टांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, वेगळी केस आली की त्यावर फोटो टाकायचा. जबड्याचा एक दुर्मीळ आजार असतो. चांगल्या हाडाच्या जागी तंतू आणि अर्धवट हाड भरत जातं. कॅन्सर नसतो, दुखत नाही, बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवायचं असतं. एक्स-रेत सुरुवातीला काळे डाग आणि पुढे दुधी काचेसारखी जागा दिसते. अशा पाच केसेस मिलिंदने टाकल्या. माझी एकही नाही. मी जळतो, लपवायचं कशाला?

*

पहिली केस एका चाळिशीतल्या माजी सरपंचाची. वरची कवळी दर दोन वर्षांनी घट्ट व्हायची. तीन कवळ्या रुमालात बांधून ते मिलिंदकडे गेले.

"कवळ्या बराबर हायेत, जबडाच वाढून राह्यला," मिलिंद म्हणाला.

ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. त्या तीनपैकी दोन कवळ्या माझ्या हातच्या होत्या.

*

एका शिक्षिकाबाईंच्या खालच्या दातांच्या मुळांशी मला एक्स-रेत काळे डाग दिसले. पू असणार म्हणून चार रूट कॅनल सांगितले आणि फोटो ग्रुपवर टाकला. लगेच मिलिंदचा मेसेज, "दात जित्ता हाय का पाह्यलं का बे?"

दाताला बर्फ लावला तर बाई खुर्चीतून उठल्याच. दात ठणठणीत, डाग त्याच आजाराचे, करायचं काहीच नव्हतं. आता ही केस माझी की नाही? पण ओळखली त्याने, म्हणून ग्रुपने त्याच्या नावावर टाकली.

बाई आता साखरखेर्ड्याला जातात. म्हणतात, "तिथं काही न करताच बरं वाटते."

*

एकदा मात्र नशीब उघडलं असं वाटलं. दारात एक माणूस उभा, डावा गाल टम्म. मी त्याला आत ओढलं, तीन बाजूंनी फोटो काढले, दुखतं का विचारलं. तो मान हलवून नाही म्हणाला. मी खूश. मग तो बाहेर जाऊन थुंकून आला, आणि गाल सपाट!

"खर्रा व्हता साहेब. मी मीटरचं रीडिंग घ्याले आलो."

*

शेवटी एका रविवारी मी स्वतःच्याच जबड्याचा एक्स-रे काढला. काहीच निघालं नाही. घरी येऊन तसं सांगितलं.

बायको म्हणाली, "काही नाही निघालं म्हणून तोंड पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राह्यली."

*

गेल्या महिन्यात मिलिंद चहाला आला. माझी असिस्टंट संगीता, जानेफळची, सहा वर्षांपासून माझ्यासमोर मास्क लावून उभी असते, डबाही आतल्या खोलीत एकटीच खाते. तिने चहा ठेवला, मास्क खाली केला आणि मिलिंदला विचारलं, "सर, या वर्षीचा एक्स-रे कदी काढाचा?"

मी पाहिलं. उजवा गाल किंचित मोठा होता. मिलिंदने तिचा जबडा दोन बोटांनी चाचपला आणि म्हणाला, "वाढला नाही. दिवाळीनंतर ये."

तो गेल्यावर मी तिला म्हणालो, "काऊन गं? सहा वर्षं मी असल्या केसची वाट पाहून राह्यलो, तुले माहीत हाय. मले काऊन नाही सांगितलं?"

तिने मास्क वर ओढला.

"तुमी लय खूश झाले असते, सर."