माहेरची बांगडी

आमच्या गावात परक्या पुरुषाने बाईचा हात धरलेला खपत नाही. अपवाद एकच, कान्हूमामा कासार. तो भर ओटीवर, सासू-नवऱ्याच्या डोळ्यांदेखत आमचा हात मांडीवरच्या फडक्यावर घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचा आणि म्हणायचा, “हात सैल सोड गो.” मग बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही.

मामा रोह्याच्या पुलापलीकडचा, अष्टमीचा. पूर्वी एसटीने पेणला यायचा, रामवाडीला उतरायचा आणि पत्र्याची पेटी खांद्यावर टाकून खाडीकाठची गावं पायी करायचा. पुढे मुलाने मोपेड घेऊन दिली. धरमतर खाडीच्या अंगाला आमचं गाव, आम्ही मिठागरात राबणाऱ्या बायका. आमचे हात मिठाने फाटलेले, हाडं ताठ. बाजारातला दुकानदार असे हात बघितले की मोठ्या मापाच्या बांगड्या पुढे सारतो, त्या कोपरापर्यंत खाली-वर नाचतात. मामा मात्र मापाचीच घालायचा. घालताना एखादी गेली तर ती त्याची. ‘फुटली’ असं तर तो मेला तरी म्हणायचा नाही, ‘वाढली’ म्हणायचा.

आणि सगळा चुडा भरून झाला की डाव्या हातात एक पिवळी. हिरव्या बांगड्यांत एकटी पिवळी, बिनपैशाची. “ही माहेरची,” म्हणायचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो ना, तर मामाकडून भाचीला. त्याच्या बापापासूनची ही रीत. पेणपासून रोह्यापर्यंत ज्या बाईच्या हातात एकटी पिवळी, ती कान्हूमामाची भाची. बायका बाजारात ती बघूनच एकमेकींशी बोलायला लागायच्या.

आमच्या घरात ती बांगडी नव्हती असा एकच हात होता, माझ्या सासूचा, ठमाबाईंचा. तिचा नवरा ऐन तरुणपणी गेला. तेव्हापासून हात मोकळे. डाव्या मनगटाला कायम चिंधी गुंडाळलेली. मिठागरात फावडं ओढताना मनगट मुरगळलं, ते कधी बरंच झालं नाही म्हणे. मी तेल लावू का विचारलं की वसकन अंगावर यायची. मीही काही कमी नाही. आमचं दोघींचं भांडण शेजाऱ्यांच्या करमणुकीचा विषय होता. मामा आला की त्याला पाणी द्यायला मागच्या पडवीत तीच जायची, मला जाऊ द्यायची नाही. मी म्हणायचे, म्हातारीला तेवढंच कौतुक.

मग ते खून झाले. पहिली रोह्याकडची अनिता. दुसरी पेणच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरची, तिचं नाव पेपरात धड छापलंही नाही. तिसरी आमची मालू. मालू माझ्या शेजारच्या खाचरात काम करायची. हसायला लागली की फावडं टाकून बसायची, मुकादम ओरडला की आणखी हसायची. तिला कोणी सांगितलं होतं, कंपनीत साफसफाईचं काम आहे, पगार बँकेत, शिफ्ट संपली की घरी. त्या माणसाला भेटायला म्हणून नवी साडी नेसून गेली आणि तिवरांच्या झाडीत सापडली. अजून मिठाची रास बघितली की मला तिची आठवण येते आणि मग कोणावर तरी उगाच खेकसते मी.

तपासाला आलेला साहेब दूरच्या जिल्ह्यातला. त्याने काय बघितलं? तिघींच्या डाव्या हातात एकटी पिवळी बांगडी. त्याला वाटलं, ही खुनी माणसाची खूण. ही बातमी बाहेर कशी फुटली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती प्रत्येकाच्या फोनवर होती. खुनी बाईला मारतो आणि पिवळी बांगडी घालून जातो म्हणे. अरे मेल्यांनो, जित्या बायकांचे हात तरी आधी बघायचे होते.

पण खरी अक्कल तर आमच्या गावाने गहाण टाकली. देवळात पुरुषांची बैठक बसली. पोलीस दारात यायला नकोत म्हणून कोणत्याही बाईच्या हातात पिवळी दिसता कामा नये, असं ठरलं. आमचे हे घरी आले आणि दारात उभे राहिले, मी काढेपर्यंत हलले नाहीत. सगळ्या गावाच्या पिवळ्या बांगड्या त्या ओहोटीला खाडीत गेल्या; आमचं बघून आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं. कोणी काढताना हळू काढली नाही, दगडावर ठेचली. कोणी ‘वाढवली’ म्हटलं नाही.

त्यानंतर पिवळी बांगडी विकणारा शोधत पोलिसांनी मामाला उचलला. मामाने सरळ सांगितलं, त्या बांगड्या मीच घातल्या, मी सगळ्याच बायांना घालतो, गावात जाऊन बघा. पोलीस गाव बघायला आले. हात पुढे आले, सगळे हिरवे. मागे नवरे उभे. बायका म्हणाल्या, नाय बा, पिवळी आम्ही कधी घातलीच नाय. मी एकटी म्हणाले, घालत होता, सगळ्यांना घालत होता. हवालदार म्हणाला, मग तुमची दाखवा. मी म्हटलं, खाडीत टाकली. तो हसला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

म्हणजे मामा खोटारडा ठरला, तोही आमच्यामुळे. तिकडे अष्टमीत त्याच्या घरावर दगड पडले. सून मुलांना घेऊन माहेरी गेली. मुलाने दुकानाचं शटर ओढलं. माणूस कोठडीत, आणि त्याला सोडवणारा पुरावा धरमतरच्या चिखलात.

मी घरोघर फिरले. सगळ्या मिळून पेणला जाऊ, खरं ते सांगू. एकीचा नवरा नको म्हणतो, दुसरीची मुलगी लग्नाची, तिसरी म्हणते आपल्याला काय करायचंय. मी घरी येऊन भांडी आदळली. सासू कोपऱ्यात बसली होती, तिच्यावरच घसरले. म्हटलं, तुम्ही बसा तुमचं मनगट कुरवाळत, तिकडे मामा फुकाचा मरणार.

ती उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, पेणला चल. मला वाटलं, दवाखान्यात जायचंय. मिनिडोअर रिक्षाने ती माझ्याबरोबर पेणला आली. उतरल्यावर मात्र पोलीस ठाण्याकडे चालायला लागली.

ठाण्यात आमच्या गावातले पुरुष जबाबाला बोलावलेले होते, त्यांत आमचे हेही. म्हातारीने त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग साहेबाच्या टेबलावर डावा हात ठेवला आणि चिंधी सोडायला लागली. गाठ जुनी, सुटेना. मी मदतीला गेले तर हात झटकला माझा. चिंधी सुटली. सुकलेल्या मनगटावर एकटी पिवळी बांगडी.

“कान्हूनं घातली,” ती म्हणाली. “फुटली की नवी घालतो, माझा मालक गेल्यापासून. आणि मी जिती हाय, साहेब.”

आमचे हे तेवढे पुढे आले. म्हणाले, “आये, तू विधवा बाय गो.”

“नवरा गेला म्हणून माहेर जातं का रे?” तिने विचारलं.

हे मामाचंच वाक्य, तिने मला नंतर सांगितलं. नवरा गेल्यावर पहिल्यांदा त्याला पाणी द्यायला गेली, तेव्हा तो हेच म्हणाला आणि पिवळी पुढे धरली. तिने घातली, वर चिंधी बांधली आणि सगळं आयुष्य मनगट दुखत राहिलं.

साहेबाने ती बांगडी पुराव्याला ठेवून घेतली. माणूस वाईट नव्हता, नुसता परका होता. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातल्या बायका एकेक करून पेणला गेल्या. विधवा बोलली, आता सवाष्णींनी कशाला भ्यायचं? मग तपास बांगडी सोडून मालूच्या फोनकडे वळला. कंपनीत लावतो म्हणून बायकांना टेम्पोत बसवणारा माणूस सापडला. अनिताचा फोनही त्याच्याकडेच निघाला. मामा सुटला.

सुटला, पण आला नाही. इकडे आमचे हे आईशी बोलेनात. नात्यातल्या लग्नात तिला मांडवाबाहेर बसवलं. तिने ना तोंड पाडलं, ना पुन्हा चिंधी बांधली. मोकळं मनगट घेऊन हिंडायची.

नवरात्राच्या तोंडावर एका सकाळी मामा आला. मोपेडवर नाही, चालत, खांद्यावर पेटी. आमच्या ओटीवर फडकं पसरलं. बायका आपापल्या दारात उभ्या, पण पुढे कोणी येईना. राग नव्हता कोणाचा. ज्याला आपण बुडवलं त्याच्या हातात हात कसा द्यायचा?

सासू पुढे झाली आणि समोर बसली. कधी नव्हे ते मागच्या पडवीत नाही, पुढच्या ओटीवर. डावा हात फडक्यावर ठेवला. आमचे हे दारात होते. अडवायला पुढे आले नाहीत.

मामाने विचारलं, कुठला रंग? तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, पिवळाच.

त्याने बांगडी उचलली. त्याचे हात इतके थरथरत होते की पहिली तिच्या बोटांवरच गेली. दुसरीही गेली. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. ते बघून मामा पेटी मिटायला लागला. म्हणाला, ठमाबाय, आता माझ्याकडून नाय व्हायचं. कोणाचा हात धरवत नाय मला.

तिने आपला हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं, अंगठ्याखालचं हाड दाबलं.

“हात सैल सोड रे,” ती म्हणाली.

तिसरी चढली. मग मी जाऊन तिच्या शेजारी बसले.