हिल्केनं नाकारलेलं बर्फ

कालवा गोठला की त्यावर उतरायचं की नाही, हे गावात हिल्के ठरवायचा. तो बर्फाला भोक पाडणार, कान लावणार, मगच निशाण वर चढणार. हॉलंडमधल्या फ्रीसलंडच्या त्या गावात पाद्र्याचं ऐकलं नाही तरी चालायचं, हिल्केचं ऐकावंच लागायचं.

आता तो खिडकीशी लावलेल्या खाटेवर पडून होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. राहिल्या पापण्या. एकदा मिटल्या तर होय, दोनदा तर नाही. पुढची थंडी तो बघणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, बाउक्येला, कॉफी पिता पिता सांगून टाकलं होतं. म्हणून यंदा कालवा गोठताच तिनं नवऱ्याच्या खुर्चीखाली लोखंडी पट्ट्या ठोकून घेतल्या. एकदा त्याला बर्फावर फिरवायचं, बास. सकाळीच तिनं त्याच्या पायात लोकरीचे मोजे चढवले.

तेवढ्यात शेजारचा डौवे कालव्यातल्या बर्फाची लादी घेऊनच आत आला.

"हिल्के, लेका, बघ. पोरं स्केट बांधून बसलीत. त्यांच्यासाठी ठेवलेलं बडीशेपेचं दूध उकळून उकळून आटलं. होय म्हण आन् मोकळं कर!"

"आरं, जरा उजेडाकडं धर की! आन् सारी फरशी भिजवलीस, मेल्या," बाउक्ये म्हणाली.

हिल्के बघत राहिला. बर्फ पक्क्या बर्फासारखं काळंभोर नव्हतं. पोटात दुधाळ पांढरं होतं. पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

"मला तर एकदाच मिटलेली दिसली बाबा," डौवे हळूच म्हणाला. "बाउक्ये, तू काय म्हणतीस?"

बाउक्येनं दाराशी उभ्या केलेल्या खुर्चीकडं पाहिलं. मग ती नवऱ्यावर वाकली.

"हिल्के, हे शेवटचं हाय. कळतंय नव्हं?"

पापण्या एकदा मिटल्या.

"मग, उतरायचं?"

दोनदा.

"नाही म्हणतोय," ती म्हणाली. "निशाण नका चढवू."

"खाटेवर पडला तरी मुकादमी सुटंना," डौवे पुटपुटला. लादी मोरीत टाकून निघून गेला.

दुपारी वारा फिरला आणि पाऊस लागला. पोरं स्केट खांद्यावर टाकून, शिव्या घालत घरी गेली. कुणी बुडलं नाही. त्यामुळं त्या बर्फानं वजन पेललं असतं की नसतं, कुणालाच कळलं नाही.

"पेललं असतं का रे?" बाउक्येनं विचारलं.

हिल्के पावसाकडं बघत होता. पापणी हलली नाही.

तिनं त्याचे मोजे काढायला घेतले. आत पाय गारच होते.