भाग न जाणारी संख्या
भिजवलेल्या विडीच्या पानांचा वास आला की लेकीची गणिताची वही आठवते. पानं कातरताना मी ती सहज उघडली होती. एकाच सहा आकडी संख्येला तिनं पानोपानी वेगवेगळ्या आकड्यांनी भागलं होतं आणि दर वेळी खाली बाकी उरली होती. मी चौथी शिकलेली. आमच्या बाई बाकी शून्य आली तरच शाबासकी द्यायच्या. मी नवऱ्याला म्हणाले, “पोरीचं एक बी गणित सुटंना.” त्यानं तिची शाळा बंद केली. महिन्यानं गुरुजी दारात आले. “त्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, हेच तिनं शोधून काढलं. सगळं बरोबर होतं.” नवरा म्हणाला, “आता सोयरीक ठरली हाय, गुरुजी.” मी दाराआड पानं कातरत राहिले. लेक आज करकंबला नांदते. शाळा सुटली म्हणून ती अजून बापालाच बोलते आणि मी ऐकत बसते.