तिसऱ्या फेरीला बसलेली मुलं

खेळाच्या मास्तरांनी त्या शाळेत एकवीस वर्षं शिट्टी वाजवली. पहिली ते चौथीच्या पोरांना पळवायचं, वाकवायचं आणि दर तीन महिन्यांनी सहा मिनिटांत कोण किती फेऱ्या मारतं ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. त्या वहीकडे कधी कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग शाळेच्या स्वयंपाकघरात नवीन मावशी आल्या. दुपारी बिस्किटांचे पुडे वाटणं त्यांनी बंद केलं आणि मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, उकडलेलं अंडं, एखादं फळ असं सुरू केलं. चौथ्या फेरीला कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी पोरं वर्षभरात सातवी पुरी करायला लागली. मुख्याध्यापिका बाईंनी पालकसभेत वही वाचून दाखवली. टाळ्या पडल्या.

"मावशी, जरा पुढे या," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. घरी बायकोने भर घातली.

"तुम्हीपण जेवा त्यांच्या हातचं. पोट तरी उतरेल."

"पळवतो मी. ती नुसती वाढते."

"मग सांगा की बाईंना."

तेवढी हिंमत नव्हती. चाचणी नेहमी जेवणानंतर दोन तासांनी व्हायची. या खेपेला मास्तरांनी ती सकाळी शाळा भरल्याबरोबर ठेवली. मावशींचं काही पोटात नसताना पोरं सात फेऱ्या पळाली, की आपोआप कळेल मेहनत कुणाची ते.

तिसऱ्या फेरीला चौघं मटकन खाली बसली. एका मुलीला कोरड्या ओकाऱ्या आल्या. मास्तर धावले.

"सकाळी काय खाल्लंस गं?"

"चहा."

"आणि तू रे?"

"काही नाही. आई लवकर कामावर जाते."

बत्तीस पोरांपैकी एकोणीस नुसत्या चहावर नाहीतर उपाशी आली होती. इतकी वर्षं मास्तरांनी त्यांची वजनं केली, उंची मोजली. हा प्रश्न मात्र कधी विचारला नव्हता.

'चाचणी रद्द' असं लिहिलं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं. मास्तर बराच वेळ वही उघडी ठेवून बसले. मग त्यांनी पडलेले आकडे जसेच्या तसे लिहिले, शेजारी कोण काय खाऊन आलं तेही लिहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सकाळी काही देता येईल का पोरांना?"

"दूध-केळं देता येईल, बाई हो म्हणाल्या तर. फार चांगलं सुचलं तुम्हाला, मास्तर."

हे कौतुकही त्यांना झोंबलं.

बाई हो म्हणाल्या. पुढच्या चाचणीत बरीच पोरं आठवी फेरी पुरी करून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावली. "मावशी, आठ! मावशी, माझ्यापण आठ!" मास्तर वही घेऊन रेषेवर एकटेच उभे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्कीचा डबा घेतला आणि शेवटची रेषा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला आखायला घेतली. मावशी हात पुसत बाहेर आल्या.

"रेषा का हलवली, मास्तर?"

"इकडे ऊन कमी लागतं."

"बरं झालं. मग मीपण तिकडेच येऊन उभी राहत जाईन."

मास्तर खाली मान घालून रेषा ओढत राहिले.