उजव्या हाताचा ब्रेक

त्यांनी मला विचारलं नाही. शिबिराचे दोघे आले. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली, आणि पिठाची गोणी ठेवावी तसं मला त्या बॅटरीच्या तीनचाकीत ठेवलं. ओढणी घसरली, ती सावरेपर्यंतही कुणी थांबलं नाही. तिसऱ्यानं माझ्या कुबड्या उचलल्या आणि स्टेजमागे नेल्या.

"बैसाखी कहाँ ले जा रहे हो?"

"फोटो में अच्छी नहीं लगती, दीदी."

मी एक्केचाळीस वर्षांची बाई. कुबड्या कोणत्या पडद्यामागे गेल्या ते नजरेत पक्कं धरून ठेवलं. कुबड्या गेल्या की लोक बसवतील तिथे मी बसून राहते. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं मला अजूनही वाटत नाही.

अशोका गार्डनजवळच्या मैदानात मांडव घातला होता. बोर्डावर ‘वाहन ट्रायल शिविर’. आधी चालवून बघा, मग घेऊन जा. प्रत्यक्षात ट्रायल म्हणजे हिरव्या गालिच्यावर दहा पावलं, गळ्यात हार, फोटो. गालिच्यावर दहा पावलं तर चाकं लावलेला पाटही गेला असता.

माझ्या मनात पाल सकाळीच चुकचुकली होती. नोंदणीच्या टेबलावर मला फॉर्म मिळाला. त्यात बापाचं नाव, जात, रेशन कार्ड, सगळं विचारलेलं. कोणता हात चालतो, हे कुठेच नाही. खाली छापलं होतं, ‘मैंने वाहन चलाकर देख लिया है और मैं संतुष्ट हूँ.’ गाड्या अजून ट्रकमधून उतरायच्या होत्या. माझ्या पुढच्या सगळ्यांनी सही केली, कुणी अंगठा दिला. मी म्हटलं, "बाद में करूँगी." टेबलावरच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या ताटातलं उचललंय.

मी संशयी आहे. घरी सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून आम्ही नागपूरहून इथे, हिंदी मुलखात आलो. मी चौथीत असताना कारखान्याच्या टाउनशिपमध्ये असंच एक शिबिर झालं. एका बाईंनी अंदाजानंच माझ्या पायाचं माप घेतलं. पायाला बांधायचं कॅलिपर आलं ते दोन बोटं आखूड. घोट्याला जखम झाली. आई म्हणाली, "अगं, लोकांनी एवढं दिलंय, नावं कसली ठेवतेस?" मी वर्षभर ते घातलं. जखम मोज्याखाली लपवली. आभाराचं पत्रसुद्धा माझ्याच अक्षरात गेलं. त्या पत्राची मला आजही चीड येते.

पण ही गाडी मला हवी होती. फार हवी होती. मी साकेत नगरला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. अयोध्या नगरहून माझा भाऊ महेश मला रोज स्कूटरवर सोडतो. त्याची बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात तो जाणार. गाडी मिळाली नाही तर नोकरी टिकणं कठीण. हे मला त्या सीटवर बसल्या बसल्या नीट माहीत होतं.

तरी मी म्हटलं, "गेट के बाहर ढलान पर चलाकर देखूँगी."

पांढऱ्या कुडत्यातले आयोजक हसत पुढे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बिटिया, हम पर भरोसा नहीं है?"

"नहीं है."

माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. त्यांचा हात डोक्यावरून निघाला.

मी गाडी बाहेर काढली. गेटबाहेर रस्त्याला चढ होता. अर्ध्यात थांबवायला गेले तर ब्रेक उजव्या मुठीत. माझा उजवा हात कुबडीवर भार पेलतो, तेवढंच. त्याच्या बोटांत जोर नाही. गाडी मागे सरकायला लागली. मी डाव्या हातानं उजवी मूठ दाबायला गेले आणि हँडल सुटलं. मागे उभ्या असलेल्या मोटरसायकलला धडकून थांबले. पाठीला मार बसला.

मागून कुणीतरी म्हणालं, "चलाना ही नहीं आता."

मला परत गालिच्यावर ढकलत आणलं. मी म्हटलं, ब्रेक डावीकडे बसवून द्या. कुडतेवाले माइक बाजूला करून म्हणाले, "सबके लिए एक ही आती है. लेनी है तो साइन करो, पीछे लाइन लगी है."

मी पेन घेतलं. छापील ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, ‘चलाकर देखी. ब्रेक दाएँ हाथ में है, मेरा दायाँ हाथ नहीं दबता. संतुष्ट नहीं हूँ.’ त्याखाली पूर्ण सही केली.

"इसका नाम काटो," ते म्हणाले. ते दोघे मला उचलायला परत आले.

"हाथ मत लगाना. बैसाखी लाओ, मैं खुद उतरूँगी."

कुणी हललं नाही. मीही हलले नाही. कार्यक्रम अडला. रांगेतली एक बाई, तिचे दोन्ही पाय गेलेले, मला म्हणाली, "दीदी, उतर जाओ ना, हमारा नंबर भी कट जाएगा." सगळ्या दिवसात तेवढंच माझ्या मनाला लागलं. पण मी उतरले नाही. शेवटी स्टेजमागून कुबड्या आल्या, तेव्हा माझी मी उतरले.

घरी महेश चिडला. "ताई, सही करून टाकायची होतीस. ब्रेक आपण नंतर बदलून घेतला असता."

"बदलेपर्यंत कोण चालवणार होतं, तू?"

पुढच्या महिन्याचं काय, हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

सोमवारी खिडकीवर एक म्हातारी आली. मुलाचं ऑपरेशन होतं. मी सवयीनं कागद सरकवला, बोट ठेवलं आणि म्हटलं, "यहाँ अंगूठा." तिनं विचारलंसुद्धा नाही. शाई लावून अंगठा पुढे केला. माझं बोट कागदावर तसंच राहिलं. नऊ वर्षं मी या खिडकीत हेच करतेय. शिबिरात टेबलावर होता त्या माणसात आणि माझ्यात फरक काय, तर तो टेबलामागे, मी खिडकीमागे.

"रुकिए अम्मा. पहले सुन लीजिए."

मी अख्खा कागद वाचून दाखवला. तिनं दोन प्रश्न विचारले. रांग कुरकुरली. मागून आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, आज क्या हो गया है?" मी पुढचा कागद घेतला आणि तोही पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

कामावर कशी येईन ते ठरायचंय. रिक्षानं, उसन्या गाडीनं, कशीही. पुढच्या शिबिरालाही मी जाणार. कुबड्या हातात ठेवून. आधी उतारावर ब्रेक, मग सही. आणि या खिडकीत मी असेपर्यंत न ऐकता कुणाचा अंगठा लागणार नाही.