बापूंचं मातीचं घर आणि म्हशींचा स्लॅब

बांधकामावर वाळू आणि किस्से कधीच मापात येत नाहीत. एक ट्रॅक्टर मागवावा तर गल्लीभर पसरते, आणि झाडून गोळा करायला गेलं की आणली त्याहून जास्त निघते. आमच्या नंदुरबारच्या ऑफिसात तर किस्से इतके साचलेत की नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी किस्से ऐकवतो, मग साइट दाखवतो.

ऑफिस म्हणजे तरी काय? मॅडम आर्किटेक्ट, मी सुपरवायझर आणि गुलाब मिस्त्री. आमचं काम पर्यावरणाला झेपतील अशी घरं बांधायचं. प्लॉटवरचीच माती घ्यायची, त्यात थोडंसं सिमेंट मिसळायचं, मशीनमध्ये दाबायचं, की वीट तयार. भट्टी नाही, धूर नाही. वर पूर्वीसारखं सपाट धाबं. उन्हाळ्यात घर गार. ऐकायला फार छान. अडचण एवढीच की आमच्याकडची माणसं आत्ता कुठे मातीच्या घरांतून बाहेर पडलीत. ज्यानं कालच बैलगाडी विकून ट्रॅक्टर घेतला, त्याच्या दारात आम्ही बैलगाडी विकायला उभे!

तरीही एक गिऱ्हाईक गळाला लागलं, कोरीटचे बापू. त्यांच्या एका घरानं आम्हाला जे जे दाखवलं, ते इतर सगळ्या साइट्सनी मिळून दाखवलेलं नाही.

* * *

बापू खरं तर आले होते सिमेंटच्या बंगल्याचा नकाशा काढून घ्यायला. भर मे महिना, दुपारची वेळ, त्यात लाइट गेलेली. मॅडम साइटवर होत्या म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. आमचं ऑफिसही मातीच्या विटांचंच आहे. बापूंनी भिंतीला डोकं टेकलं आणि जे घोरायला लागले, ते मॅडम परत आल्या तरी उठले नाहीत. ऊन उतरल्यावर जागे झाले. पंखा बंद, अंगाला घाम नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला.

मॅडमनी विचारलं, "बापू, कसं घर बांधायचंय?"

बापू म्हणाले, "माले अशी झोप बांधी द्या."

एवढ्यावर काम ठरलं. पण घरी बापूंच्या मंडळी होत्या ना, आक्का! मुलगा नीलेश लग्नाचा, शेती करणारा. शेतीवाल्या मुलाला आधीच मुली मिळत नाहीत, त्यात बापाला मातीचे डोहाळे. आक्कांनी पहिल्याच दिवशी मॅडमना अट घातली, "मातीना घरमा पोर कोन देई? पण यासनी हट्ट धरा, तं बांधा. घरमुळे पोऱ्यानी सोयरीक मोडनी, तं मी जेसीबी बलावसू."

त्या हसून बोलल्या नव्हत्या. मॅडमचं हे गावातलं पहिलंच घर, ते पाडलं तर पुढचं कुणी बांधायला देणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून नीलेशच्या लग्नाची काळजी त्याच्या आईपेक्षा आमच्या ऑफिसला जास्त लागली.

* * *

काम सुरू करण्याआधी माती तपासावी लागते. पद्धत सोपी आहे. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू खाली बसते, चिकणमाती वर, थर दिसतात. मॅडमनी प्लॉटच्या चार कोपऱ्यांतली माती चार बाटल्यांत भरली आणि बापूंच्या ओट्यावर ओळीनं ठेवली.

सकाळी पाहतो तर एक बाटली गायब. शेजारच्या नानांची गाय दोन दिवस दूध देत नव्हती. त्यांनी आक्कांना विचारलं होतं, "हाई कोन्हं पाणी शे?" आक्का म्हणाल्या, "मॅडमनं शे." नानांनी भक्तिभावानं बाटली उचलली आणि गाईला पाजली. आणि गाईला त्याच संध्याकाळी पान्हा फुटला!

दुसऱ्या दिवशी साइटवर माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी. मॅडमनी घसा सुकेपर्यंत समजावलं की ही नुसती माती आहे, विटेसाठी तपासायला ठेवली होती, यात औषध नाही, मंत्र नाही. नाना सगळं मान हलवत ऐकत होते. शेवटी मॅडमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बरं बरं. कोनले सांगतस नही आम्ही."

* * *

भिंती उभ्या राहिल्या. मॅडमना प्लास्टर नको होतं, विटा उघड्याच ठेवायच्या होत्या. गुलाब मिस्त्रीचा जीव त्यामुळे अर्धा झाला. स्वतः तो स्लॅबच्या घरात राहतो, दुपारी जेवून झोपायला मात्र आमच्या साइटवरच्या मातीच्या खोलीत येतो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. "मॅडम, बिगर प्लास्टरनं घर म्हंजे बिगर धोतरना पाहुना," असं तो रोज एकदा म्हणायचाच.

गावालाही तेच वाटलं. उघड्या विटा पाहून बातमी पसरली की बापू अडचणीत आले, प्लास्टरपुरतं काही उरलं नाही. एके दिवशी सकाळी साइटवर सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. कुणी ठेवल्या, पत्ता नाही. कुणा भल्या भाऊबंदानं बापूंचा मान राखून गुपचूप मदत केली होती. परत द्यायच्या तर कुणाला? आणि देणाऱ्याला काय सांगायचं, की बापूंनी हौसेनं माती पसंत केली? कुणी विश्वास ठेवला नसता.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या घराला आता यातलं एक घमेलंही लागणार नाही."

बापूंनी सगळ्या गोण्या मोजल्या. मग म्हणाले, "राहू द्या. गोठाले स्लॅब टाकी लेऊत."

तर अशा रीतीनं कोरीटात बापूंच्या म्हशी स्लॅबच्या घरात राहायला गेल्या आणि बापू मातीच्या. गुलाबनं गोठ्याला आतून-बाहेरून असं गुळगुळीत प्लास्टर केलं, की रस्त्यानं जाणारा आधी त्यालाच घर समजायचा.

याचा उपयोगही झाला. सारंगखेड्याकडचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाला फोनवर विचारलं, "घर स्लॅबनं शे का?" मध्यस्थ म्हणाला, "स्लॅब शे ना." मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मध्यस्थ मात्र शांत. "खोटं काय बोलनू? त्याखाले कोन ऱ्हास हाई त्यासनी इचारंच नही."

* * *

पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार असं ठरलं आणि बापूंच्याही अंगात संचारलं. धाब्यावरचं पावसाचं पाणी साठवायला मॅडमनी अंगणाखाली टाकी बांधली होती. मी गेलो तर टाकीपाशी टँकर उभा, पाइप आत.

मी म्हटलं, "बापू, ही पावसाच्या पाण्याची टाकी आहे हो."

"मंग? पाऊस जूनमा येई. पाहुना रविवारले येतीन."

पर्यावरण वाचवायला बांधलेल्या टाकीत टँकर ओतला गेला, आणि ती उतू जाईपर्यंत बापू समाधानानं पाहत उभे राहिले.

* * *

त्याच आठवड्यात मॅडमना घर तापल्यासारखं वाटायला लागलं. थर्मामीटर लावलं. खरंच तापलं होतं. भिंती तपासल्या, धाबं तपासलं, काही सापडेना. मॅडमना झोप येईना. शेवटी आम्ही घराला चक्कर मारली. पश्चिमेच्या बाजूला वाऱ्यासाठी जाळ्या ठेवल्या होत्या. त्या सगळ्या झाकून एक भला मोठा फ्लेक्स ताणून बसवला होता. नीलेशच्या मित्रांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. नीलेशचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'भावी नवरदेव'.

मॅडम म्हणाल्या, "अरे, घरात हवा कुठून येणार?"

मित्र म्हणाला, "मॅडम, हवा करासाठेच तं लायं."

* * *

आता तो रविवार.

मुलगी पूनम, तिचे वडील आप्पा, आई आणि मामा आले, सोबत मध्यस्थही. मॅडम आणि मी 'घराकडून' हजर होतो. गुलाबला बापूंनी सक्त ताकीद दिली होती, पाहुण्यांसमोर यायचं नाही, कारण त्याच्या तोंडून प्लास्टरचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. आक्कांची मिरची एरवी अंगणात वाळते. तिथे खुर्च्या मांडायच्या म्हणून सकाळीच ती सगळी धाब्यावर नेऊन पसरली होती. बरोबर तिथेच मॅडमनी वाऱ्याचं धुराडं काढलं होतं. वरचा वारा पकडून खाली बैठकीत सोडायचा, म्हणजे पंख्याची गरज नाही, अशी त्यांची योजना.

आप्पा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेले. घरात शिरल्याबरोबर त्यांनी घोड्याच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारली. आवाज मातीचा आला. आप्पांनी मध्यस्थाकडे पाहिलं, मध्यस्थानं गोठ्याकडे पाहिलं. चहा आला. आक्का मॅडमकडे पाहत होत्या, आणि मला ते डोळे नाहीत, जेसीबीचे दिवे दिसत होते. नीलेश पूनमकडे आणि पूनम नीलेशकडे चोरून पाहत होती, तेवढंच काय ते बरं चाललं होतं. मला त्या पोराची फार दया आली.

आप्पांनी कप खाली ठेवला. नकार द्यायची आपल्याकडे ठरलेली वाक्यं असतात, 'विचार करून कळवतो' वगैरे. त्यांनी उपरणं सावरलं आणि सुरुवात केली, "बापू, आम्ही इचार..."

इकडे वर धाब्यावर लपून बसलेल्या गुलाब मिस्त्रीला रिकामं बसवेना. आपणही काहीतरी मदत करावी म्हणून त्यानं फावडं घेतलं आणि धुराड्याच्या तोंडाशी मिरची वरखाली करायला लागला.

आप्पांना शिंक आली. मामा शकुन मानणारे, त्यांनी लगेच हात वर केला, "थांबा. शिंक उनी. आते बोलू नका." आप्पा थांबले. पुन्हा शिंक. "जोडशिंक शे, शुभ शे. बोला आते." आप्पांनी तोंड उघडलं, तर पूनमची आई शिंकली. "थांबा," मामा म्हणाले आणि स्वतःच शिंकले.

मग काही धरबंध राहिला नाही. बापू, आक्का, मध्यस्थ, मॅडम, मी, सगळे शिंकतोय, ठसकतोय, डोळ्यांतून धारा. मामा बोटं मोजता मोजता हरले. म्हणाले, "इतल्यानं शास्तर माले येत नही." मॅडमचं धुराडं इतकं उत्तम चालताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या. पाहतात तर सगळं घर रडतंय. पूनम रडतेय, तिची आई पदरानं डोळे पुसतेय, आक्का हुंदके देतायत. काकूंना जे समजायचं ते समजलं. त्यांनाही भरून आलं.

"जमनं का? पोर दिनी ना, आप्पा?"

आप्पांचा श्वास अडकला होता. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी एक हात गळ्याला लावला आणि जोरजोरात मान हलवली.

काकूंनी चहाच्या ट्रेमधली साखर उचलली आणि आप्पांच्या तोंडात घातली. मग मामांच्या, मग बापूंच्या. आक्कांनी पूनमला जवळ घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या नीलेशच्या मित्रांनी फटाके वाजवून टाकले.

धूळ बसली. आप्पांनी साखर कशीबशी गिळली, डोळे पुसले, सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "मी तं पाणी मांगी ऱ्हायनू व्हतू."

 आक्कांचा हात पूनमच्या खांद्यावर तसाच राहिला.

पूनमनं नीलेशचा रुमाल डोळ्यांवरून काढला आणि म्हणाली, "बठा, आप्पा. पाणीबी देतीन त्या."