धुराचा फोटो

बिघडलेले पार्ट आज ना उद्या कंपनीत जातात, किस्से मात्र दुकानातच साचतात. लग्न होऊन मी देवरीला आले, तेव्हा आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, वॉरंटीतल्या पार्टांची एक फळी होती. आता दोन आहेत.

नवरा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, "कंपनीले पाठवलंय. पंधरा दिवस." चेहरा इतका प्रामाणिक असतो की लोक मान हलवून निघून जातात. दरेकशाहून आलेले एक काका तेवढे जागचे हलले नाहीत.

"पंधरा दिवस म्हन्ता जी, पन कोनत्या महिन्याचे?"

*

हायवेवरच्या ढाब्याच्या शेठजींचा पॉवर सप्लाय जळाला. नवऱ्याने सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"सर, रीस्टार्ट करके देखा?"

"मॅडम, धुआँ निकला था."

"तो धुएँ का फोटो भेजिए. उसके बिना कंप्लेंट आगे नहीं जाएगी."

धूर तर आदल्या दिवशीच निघून गेला होता. सासूबाई उठल्या आणि देव्हाऱ्यातून अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या. मूठभर काड्या पेटवून पार्टच्या मागे धरल्या. फोटो गेला.

संध्याकाळी उत्तर आलं: धुरामुळे सीरियल नंबर दिसत नाही.

*

माहेराहून मी माझा कॉम्प्युटर आणला होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देणं हे माझं लग्नाआधीपासूनचं काम, आणि सहामाहीचे सगळे पेपर हेडबाईंनी यंदाही माझ्याकडेच दिले होते.

"शेठजीचा नवा येईपर्यंत तुहा पॉवर सप्लाय देऊ का? चालते ना?" नवऱ्याने विचारलं. विचारेपर्यंत त्याचे स्क्रू काढून झाले होते. "दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरले हात लावता येत नाई, त्याच्यावर धंदा आहे. तुह्यावाला तर घरचाच आहे."

मग रॅम फोटो स्टुडिओत गेली, मॉनिटर दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात. उरलेल्या डब्यावर सासूबाई लसणाची टोपली ठेवू लागल्या.

"जागा तर रिकामीच आहे," म्हणाल्या.

*

एकदा नागपूरहून एक पार्ट खरोखरच निघाला. बसमध्ये ठेवलेला खोका देवरीला उतरवायचा राहिला आणि रायपूर पाहून आला. उघडला तर आत दुसऱ्याच कोणाचा तरी कीबोर्ड.

सासूबाईंनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. "लगीन तुमचं झालं, फिरून हा आला."

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडबाईंचा फोन आला. "सोमवारी पेपर हातात पाहिजेत, बेटा. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरीकडे देते. मग पुढच्या वर्षीही तिकडेच जातील." मी फोनवर नुसती मान हलवली. मला तेवढंच येतं.

नवऱ्याने ते बघितलं असावं. त्याने लगेच गाडी काढली, मी मागे बसले. सेवा केंद्रात माझा मॉनिटर टेबलावर होता. वर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूचा हार.

केंद्रातल्या वहिनींनी हात जोडले. "पूजा झाली जी भाऊ याची. आता कसा हलवू? कंपनीचा नवा येईन, तो तुमीच ठेवा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्वस्तिकाकडे पाहिलं.

आम्ही प्रसादाचं खोबरं घेऊन घरी आलो.

*

शनिवारी सकाळी नवऱ्याने दुकान उघडलं. काउंटरवर ढाब्याचे शेठजी आणि दरेकशाचे काका लगेच येऊन टेकले. बिलाचा कॉम्प्युटर सुरू करायला गेलेला त्याचा हात हवेतच राहिला. मॉनिटरच्या जागी धुळीचा चौकोन होता, आणि डब्याचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

तो आत आला. लसणाची टोपली जमिनीवर होती. मी सातवीच्या विज्ञानाच्या तिसऱ्या प्रश्नावर होते. स्क्रू कसे काढतात ते मी लग्नापासून रोज बघतच होते.

"दुकानातला काऊन बंद आहे?"

"कंपनीले पाठवलंय," मी म्हटलं. "पंधरा दिवस."

बाहेरून शेठजींनी दोनदा हाक मारली. मग नवरा हळूच म्हणाला, "कोनत्या महिन्याचे?"

सासूबाई उठल्या आणि देव्हाऱ्यातून अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या.